चाळिसावी टाचणी

माझ्या सासूबाई उशी शिवायला बसल्या की घरात ऑपरेशन चालू आहे असं समजायचं. मध्ये बोलायचं नाही, टेबलाला धक्का लावायचा नाही. टेबल म्हणजे आमचं जेवायचंच टेबल, पण त्यावर एकदा पांढरी चादर अंथरली की ते त्यांचं. डावीकडे मोठी कात्री, मग मधली, मग धागे कापायची चिमुकली. उजवीकडे टाचण्यांचा डबा. हात कोपरापर्यंत धुतलेले. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात हे सगळं पाहून मी घाबरून नवऱ्याला विचारलं होतं, "कुणाला काय झालंय?" तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "काही नाही, सोफ्याची उशी आहे."

एकतीस वर्षं त्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. दूधवाला म्हणतो, इस्त्रीवाला म्हणतो, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या शेजारच्या आजीही म्हणतात. घरात मी त्यांना आई म्हणते. बाईंना नाकावर माशी बसलेली खपत नाही. आणि माझं काम परवाना कार्यालयात, खिडकी नंबर चार. दिवसभर फॉर्मवर शिक्के मारायचे. शिक्का मारताना फॉर्म वाचायचा असतो, हे मलाही ठाऊक आहे.

आता त्यांच्या मोजणीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ऑपरेशन संपत आलं की पोट बंद करण्याआधी सगळं मोजतात. कापडाचे बोळे, सुया, चिमटे, सगळं. दोघीजणी मिळून, मोठ्यानं. आकडा सुरुवातीला फळ्यावर लिहिलेला असतो, तो जुळायला हवा. मग सर्जन विचारतो, "सिस्टर, काउंट?" आणि सिस्टर म्हणते, "करेक्ट, सर." त्यानंतरच पहिला टाका. आकडा जुळला नाही तर कुणी जागचं हलायचं नाही. शोधायचं. सापडलं नाही तर एक्स-रे काढायचा. एकतीस वर्षांत आईंचा काउंट एकदाही चुकला नव्हता. बाकीच्या बायका आपल्या हातच्या स्वयंपाकाचं किंवा मुलाच्या पगाराचं कौतुक सांगतात, आई हे एक वाक्य सांगायच्या. ते सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

आणि तोच कायदा त्यांनी उशीला लावला होता. डब्यात चाळीस टाचण्या, काचेच्या डोक्यांच्या. दहा लाल, दहा निळ्या, दहा पिवळ्या, दहा हिरव्या. भिंतीवर पिटुकलीची, म्हणजे माझ्या सात वर्षांच्या लेकीची, जुनी पाटी टांगलेली. शिवायला घेण्याआधी मोजायचं, पाटीवर आकडा लिहायचा. मग कापडाचे दोन चौकोन उलट्या बाजूनं टाचायचे, चहूबाजूंनी शिवायचे, एका कडेला तळव्याएवढी फट ठेवायची. त्या फटीतून उशी सुलटी करायची, विणकामाच्या बोथट सुईनं चारी कोपरे टोकदार काढायचे, आत भरण भरायचं. आणि ती तळव्याएवढी फट हातानं बंद करण्याआधी पुन्हा मोजणी. चाळीस भरल्या तरच बंद.

"अगं ये, दोघींनी मोजायचं असतं," त्या मला हाक मारायच्या.

पहिलं वर्षभर मी गेले. नवी नवरी होते, जाणार नाही तर काय करणार! दुसऱ्या वर्षी म्हणायला लागले, "आई, ही उशी आहे, पोट नाही." त्या हसायच्या नाहीत. मग मी स्वयंपाकघरातूनच ओरडायचे, "तुम्ही मोजा, मी ऐकतेय." ऐकत कोण होतं! कुकरच्या शिट्ट्या ऐकत होते. हळूहळू त्यांनी हाक मारणं सोडलं. एकट्याच मोजायच्या, मोठ्यानं, समोर कुणी असल्यासारखं.

एकदाच एक टाचणी कमी भरली होती. दोन दिवस आईंनी सोफ्यावर कुणाला टेकू दिलं नाही. पाहुणे आले तर त्यांना स्वयंपाकघरातल्या स्टुलांवर बसवलं. शेवटी ती टाचणी सापडली माझ्या नवऱ्याच्या मोज्यात, आणि तीही त्याच्या टाचेनं शोधून काढली. तो लंगडत हॉलभर नाचत होता आणि आई समाधानानं म्हणत होत्या, "चाळीस." आम्ही या गोष्टीवर वर्षानुवर्षं हसलो. हसण्यात मी सगळ्यात पुढे.

यंदा त्यांचे मोठे सर निवृत्त व्हायचे होते. हे सर त्या थिएटरात पहिल्यांदा आले तेव्हा हात थरथरणारे नवखे डॉक्टर होते, आणि आई तेव्हाच मुरलेल्या. पुढे ते मोठे झाले, आरडाओरडा करायला शिकले, पण "सिस्टर, काउंट?" विचारताना आवाज खाली यायचा म्हणे. त्यांच्यासाठी आईंनी उशी करायला घेतली. थिएटरमधून बाद झालेली एक हिरवी चादर त्यांनी मागून आणली. शेकडो धुण्यांनी ती इतकी मऊ झाली होती की हातात धरली तरी जाणवू नये. त्यावर पिवळ्या धाग्यानं ऑपरेशनच्या टेबलावरचा गोल दिवा भरला, आत सात छोटे दिवे. कडेला पांढरी किनार. मी इतकी वर्षं त्यांच्या उशांची थट्टा केली, पण ही उशी पाहून माझ्याही तोंडून "अहाहा" निघालं.

गुरुवारी दुपारी ती बंद झाली. मी सुट्टीवर होते, आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. आईंची मोजणी कानावर पडली, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. पाटीवरचा आकडा जुळला. शुक्रवारी संध्याकाळी नवऱ्यानं ती कागदात गुंडाळून दवाखान्यात नेऊन दिली. शनिवारी अकराला निरोपसमारंभ होता.

शनिवारी सकाळी पिटुकलीच्या फ्रॉकची कॉलर टाचायला आईंनी डबा उघडला. डबा उघडला की मोजायचं, हा तर नेम. मी भांडी विसळत होते. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. मग काहीच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"हिरवी एक कमी आहे," त्या म्हणाल्या.

जमीन झाडली, टेबल सरकवलं, गालिचा उलटा केला. नवऱ्याला मोजे काढायला लावले. पिटुकलीला विचारलं. मग मला. "तू घेतलीस का गं एखादी?"

समारंभाला उशीर होत होता, हात साबणाचे होते, आणि अशा प्रश्नाचा मला आधीच राग. मी म्हटलं, "तुमच्या टाचण्यांना हात लावायची कुणाची हिंमत आहे, आई?" सगळे हसले. आई हसल्या नाहीत.

"मग ती उशीत आहे," त्या म्हणाल्या. "हिरव्या कापडात हिरवी टाचणी. सर पाठ टेकवणार."

त्यांनी दवाखान्यात फोन केला. वाजत राहिला. सगळे हॉल सजवण्यात असणार. मग त्यांनी चपला घातल्या, आणि पिटुकलीला शेजारच्या आजींकडे सोडून आम्ही त्यांच्या मागून धावलो. मला वाटेत हसूच येत होतं. एका टाचणीसाठी हा तमाशा!

आम्ही पोचलो तेव्हा समारंभ सुरू झाला होता. दवाखान्याचा लांबट हॉल, शेवटपर्यंत खुर्च्या, स्टेजवर एक मोठी खुर्ची आणि तिच्या पाठीला ती हिरवी उशी. मोठे सर नुकतेच सत्काराचा गुच्छ घेऊन खुर्चीकडे वळत होते. माझ्या शांत, शिस्तीच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या सासूबाई हॉलच्या दारातून ओरडल्या, "सर! टेकू नका!"

दोनशे माणसांनी माना वळवल्या. आई तरातरा मधल्या वाटेनं गेल्या, स्टेजवर चढल्या, भेटवस्तूंची फीत कापायला ठेवलेली कात्री उचलली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती उशी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फाडली. पिवळ्या दिव्याच्या बरोबर मधून. पंधरा दिवस डोळे फोडून भरलेला तो दिवा! त्यांनी आतलं सगळं भरण टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर काढलं आणि एकेक पुंजका बोटांनी चाचपायला लागल्या. कुणीतरी खुसखुसलं. कुणीतरी फोन काढला.

"सिस्टर, सापडली?" सरांनी विचारलं. त्यांना एका नजरेत सगळं कळलं होतं.

"नाही, सर."

"मग?"

"एक्स-रे काढावा लागेल, सर."

आता हॉलमध्ये उघड हशा झाला. सर हसले नाहीत. हातातला गुच्छ त्यांनी खुर्चीवर ठेवला, फाटकी उशी आणि भरण त्या पांढऱ्या कापडात गोळा केलं आणि स्वतःच्याच निरोपसमारंभातून निघून एक्स-रेच्या खोलीकडे चालू लागले. आई त्यांच्या मागे. मी आणि नवरा त्यांच्या मागे, कुठे तोंड लपवावं ते न कळून.

खोलीबाहेर आम्ही थांबलो. कापसासारखे पुंजके वाटभर सांडले होते, ते उचलायला मी खाली बसले. घोट्याला काहीतरी टोचलं. मी पँटची शिवण उलटी केली.

आतल्या बाजूला हिरवं काचेचं डोकं होतं.

शुक्रवारी सकाळी ऑफिसला निघताना टाच अडकून पँटची खालची शिवण उसवली होती. मी टेबलावरच्या डब्यातून एक टाचणी उचलली होती, आतून लावली होती, संध्याकाळी टाका घालू म्हटलं होतं. संध्याकाळी पँट खुंटीवर गेली. शनिवारी तीच घातली, कारण बरी काळी पँट माझ्याकडे एकच आहे. हे सगळं मला त्या एका क्षणात आठवलं. मी उकिडवी बसलेली तशीच राहिले.

दार उघडलं. एक्स-रेवाल्यानं काळी फिल्म प्रकाशाला धरली होती. उशी स्वच्छ होती. आत काही म्हणजे काही नव्हतं.

आई त्या फिल्मकडे बघत राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "घरात नाही, उशीत नाही. म्हणजे गुरुवारी एकोणचाळीसच होत्या. मी चाळीस म्हटलं. सर, माझा काउंट चुकला."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बाहेर सगळा दवाखाना गोळा झाला होता, लोक माना उंचावून बघत होते, आणि "टाचणी माझ्या पँटला आहे" हे वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. सर आईंना म्हणाले, "असू दे सिस्टर." आईंनी मान हलवली. आणि मी शिवण पुन्हा सुलटी करून उभी राहिले.

मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. घरी गेल्यावर हळूच डब्यात टाकून देऊ, म्हणू सापडली गालिच्याखाली. पण घरी येताक्षणी आईंनी डबा एका पिशवीत घातला, पाटी पुसली आणि दोन्ही माळ्यावर ठेवून दिलं. "आता नको," म्हणाल्या. टाचणी मी कागदात गुंडाळून माझ्या पाकिटात ठेवली. तिथून ती रोज माझ्याबरोबर ऑफिसला यायची आणि परत यायची.

सोमवारी आई म्हणाल्या, "पिटुकलीला शाळेतून आणायला उद्यापासून दुसरं कुणी बघा. माझा भरवसा नाही. मी चौकात दुसऱ्याच पोरीचा हात धरला तर?" ही बाई एकतीस वर्षं लोकांच्या पोटातल्या सुया मोजत आली होती! नवरा म्हणाला, "आई, काहीतरीच काय!" पण त्या ऐकेनात. मग डब्यांवर चिठ्ठ्या आल्या, साखर, मीठ, सोडा. गॅसच्या बटणावर चिठ्ठी, बंद केला का? त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी माझ्या हवाली केल्या. "तू मोजून देत जा." मी मोजून द्यायचे. त्या माझ्या हातावरची एक गोळी घ्यायच्या आणि विचारायच्या, "एकच ना?"

दर वेळी ठरवायचे, आज सांगते. पण जितके दिवस जात होते तितकं ते सांगणं मोठं होत होतं. पहिल्या दिवशी नुसती टाचणी कबूल करायची होती. दहाव्या दिवशी टाचणी आणि वर दहा दिवस. मी पुरती अडकले होते आणि माझ्या भित्रेपणाची मलाच किळस येत होती. मग मी काय करायचे? त्यांना आलं घालून चहा करून द्यायचे. दिवसातून चारदा.

मग आईंनी स्वतःच माझ्या नवऱ्याला सांगून मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मंगळवारची. नवऱ्याला कामावरून निघता आलं नाही, म्हणून मी गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी तारीख विचारली, वार विचारला, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. आईंनी सगळं बरोबर सांगितलं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता शंभरातून सात वजा करत जायचं, आजी. जमेल तेवढं."

"त्र्याण्णव," आई म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळल्या. "बरोबर?"

मी मान हलवली.

"शहाऐंशी. बरोबर?"

"आजी, त्यांच्याकडे बघू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला येतंय की."

"येतंय हो. पण ते बरोबर आहे की नाही हे मला नाही ना कळत," आई म्हणाल्या. "एकोणऐंशी. बरोबर का गं?"

त्यांचे डोळे माझ्यावर होते. मोठे, चष्म्यामागचे, माझ्या होकाराची वाट बघणारे. ही बाई "करेक्ट" म्हणायची तेव्हा सर्जन पोट बंद करायचा. आणि आज ती सात वजा करताना माझी परवानगी मागत होती. माझी! मला एकदम रडूच फुटलं.

"बरोबर आहे, आई," मी म्हटलं. "तेही बरोबर होतं. गुरुवारी चाळीसच होत्या. चाळिसावी मी घेतली शुक्रवारी. माझ्या पँटला होती."

डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर काही समजल्याचं चिन्ह नव्हतं. आईंचा चेहरा मात्र असा झाला की मी नजर वळवली. मला वाटलं होतं त्यांना सुटल्यासारखं वाटेल. तसं काही दिसलं नाही. अंगावर कुणी गार पाणी ओतावं तशा त्या ताठ झाल्या.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. एक्स-रेच्या खोलीबाहेर."

"म्हणजे सतरा दिवस," आई म्हणाल्या.

मग त्या डॉक्टरीणबाईंकडे वळून बसल्या. पाठ सरळ केली. "एकोणऐंशीपर्यंत झालं होतं ना? बहात्तर. पासष्ट. अठ्ठावन्न. एक्कावन्न. चव्वेचाळीस. सदतीस. तीस. तेवीस. सोळा. नऊ. दोन." एकदाही थांबल्या नाहीत. एकदाही माझ्याकडे वळल्या नाहीत. "अजून काही विचारायचंय का? नाहीतर आम्ही निघतो."

आम्ही घरी आलो. आईंनी दारात चपला काढल्या आणि हात पुढे केला. "टाचणी."

मी पाकिटातून काढून दिली. त्यांनी ती साबणानं धुतली, पुसली, खुर्ची लावून माळ्यावरचा डबा स्वतः खाली काढला आणि तिच्या जागी ठेवली. मग बोलल्या.

"टाचणी घेतलीस त्याचा मला राग नाही. घाईत होतीस, विसरलीस. माणूस विसरतो. पण मी इथे डब्यांवर चिठ्ठ्या लावत होते. स्वतःच्या नातीचा हात धरायला घाबरत होते. आणि तू ते बघत होतीस. बघत होतीस आणि मला चहा करून देत होतीस."

मी म्हटलं, "आई, चुकलं माझं."

"मला काय सांगतेस? मला कळलंच आहे आता. दोनशे माणसांपुढे माझा काउंट चुकला. तिथे जाऊन सांग."

"तिथे?"

"थिएटरच्या स्टाफरूममध्ये. आणि सरांच्या घरी. एकटीनं."

त्या दिवसापासून त्या स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायला लागल्या. चिठ्ठ्या मात्र काढल्या नाहीत. मी येता-जाता वाचाव्यात म्हणून ठेवल्या होत्या, याबद्दल मला शंका नाही.

गुरुवारी मी रजा टाकली आणि दवाखान्यात गेले. पाचावर धारण बसली होती. स्टाफरूम म्हणजे लांब बाक, भिंतीला लोखंडी कपाटं, टेबलावर बिस्किटांचा पुडा. सात-आठ जणी हिरव्या कपड्यांत बसल्या होत्या. मी दारातच उभी राहून सगळं सांगून टाकलं, एका दमात, पँटच्या शिवणीपासून. मला वाटलं हसतील. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

आताच्या मुख्य सिस्टर आईंच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं. "बाई, तुम्हाला कल्पना आहे का? त्या दिवसापासून आम्ही दोनदाऐवजी तीनदा मोजतोय. म्हटलं, सिस्टर चुकू शकतात तर आपण कोण! ही नवीन पोरगी तर परवा मोजताना रडली. माझा आकडा बरोबर आहे हे मला कसं कळणार म्हणाली."

कोपऱ्यातली एक कोवळी मुलगी मान खाली घालून बसली होती. मी समजत होते की माझी गप्प बसण्याची गोष्ट आमच्या घरापुरती, आमच्या साखरेच्या डब्यापुरती आहे. ती ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जाऊन पोचली होती. त्या मुलीला मी काय म्हणाले ते मला नीट आठवत नाही. "सिस्टर चुकल्या नव्हत्या" असं दोन-तीनदा म्हणाले असेन.

मोठ्या सरांचं घर जवळच होतं. त्यांनीच दार उघडलं. बागेत काम करत असावेत, हाताला माती होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, एकदाही अडवलं नाही. मग हात धुतले, आत गेले आणि एक पिशवी घेऊन आले. पिशवीत ती उशी होती. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फाटलेली, भरण वेगळ्या कागदात नीट बांधलेलं.

"आमच्या घरात सगळे म्हणत होते शिवून टाका, नाहीतर फेकून द्या," ते म्हणाले. "पण काउंट जुळल्याशिवाय बंद करायचं नसतं. सिस्टरनीच शिकवलंय मला." पिशवी माझ्या हातात देताना ते म्हणाले, "आता करा म्हणावं बंद."

वाटभर ती पिशवी मी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. लाज वाटत होती आणि कुठेतरी हायसंही वाटत होतं, आणि हायसं वाटतंय याचीही पुन्हा लाज.

आईंनी पिशवी उघडली. सरांचं वाक्य मी सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग टेबलावर पांढरी चादर अंथरली. पुढचे दोन दिवस त्यांनी तो फाटलेला दिवा मागून कापड लावून पुन्हा जुळवला. फाटल्याची रेघ लपवली नाही. तिच्यावर पांढऱ्या धाग्यानं सारख्या अंतरावर टाके घातले, अगदी पोटावरच्या टाक्यांसारखे. भरण पुन्हा आत गेलं. तळव्याएवढी फट उरली.

मी स्वयंपाकघरात होते.

"अगं, ये," आईंनी हाक मारली.

कित्येक वर्षांनी ती हाक आली होती. मी गॅस बंद केला. बंद केला का, ही चिठ्ठी वाचली, पुन्हा बटण तपासलं. हात कोपरापर्यंत धुतले. टेबलाच्या समोरच्या बाजूला जाऊन उभी राहिले. आईंनी डबा माझ्यापुढे सरकवला.

"थिएटरात दोघींनी मोजायचं असतं. घरी मी एकटी मोजत बसले, ती माझी चूक," त्या म्हणाल्या. "ती चूक मी कबूल करते. आता तू मोज."

मी मोजायला लागले. लाल दहा. निळ्या दहा. पिवळ्या दहा. हिरव्या दहा. आईही मोजत होत्या, ओठ हलत होते, आवाज नव्हता. चाळीस.

त्यांनी सुई ओवली. फटीच्या दोन्ही कडा बोटांत जुळवून धरल्या. टाका घालायचा तोच हात थांबला आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मोठे सर विचारायचे त्याच खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, "सिस्टर, काउंट?"

मला आत्ताच मोजलेला आकडा ठाऊक होता. तरी मला तो उच्चारता येईना. माझ्या एका शब्दावर काहीतरी बंद होणार होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या गोष्टीची मला भीती वाटली. खिडकी नंबर चारवर मी किती शिक्के असे न बघता मारले असतील, कुणास ठाऊक.

"थांबा आई," मी म्हटलं. "पुन्हा मोजते."

त्यांनी सुई खाली केली आणि थांबल्या. मी पहिल्या लाल टाचणीपासून पुन्हा सुरुवात केली, एकेकीला बोट लावून, मोठ्यानं. शेवटच्या हिरव्या टाचणीवर बोट ठेवून मी वर बघितलं.

"करेक्ट," मी म्हणाले. मग त्यांनी पहिला टाका घातला.